आधी छप्पर, मग धूळ, मग पारा : लहान सोनेखाणींच्या वस्तीत नव्यानं काम करणाऱ्यांसाठी

पहार, हातोडा, परात आणि फार तर एखादी छोटी गिरणी एवढ्या भांडवलावर सोनं काढणारी माणसं जगात दीड कोटीच्या आसपास आहेत, असा अंदाज आहे. खाणींतून दरवर्षी नव्यानं निघणाऱ्या सोन्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा यांच्या हातून येतो. माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक पाराही यांच्याच भट्ट्यांतून जातो. भूशास्त्र, खाणकाम, सार्वजनिक आरोग्य किंवा समाजकार्य शिकून तुम्ही अशा वस्तीत पहिल्यांदाच काम करायला निघाला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः फिलिपिन्समधली घेतली आहेत, त्यातही लुझोन बेटावरच्या बेंगेट प्रांतातली. तिथल्या डोंगराळ भागातल्या इगोरोत समाजातली काही खाणकाम करणारी कुटुंबं कित्येक दशकं पाऱ्याशिवाय सोनं वेगळं करत आली आहेत, म्हणून.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची सगळी पावलं तिच्यावर उभी आहेत. ज्या सुधारणेनं खाणकामगाराच्या हातात पूर्वीपेक्षा जास्त, निदान पूर्वीइतकं तरी सोनं पडत नाही, ती सुधारणा तुमची गाडी वळणाआड गेली की संपते. भिंतीवरची पोस्टरं तेवढी उरतात.

पहिलं पाऊल : सोन्यामागचा पैसा कुठून कुठे जातो ते पाहा

पहिले काही दिवस काहीही शिकवू नका. दगड बोगद्यातून निघाल्यापासून सोनं विकलं जाईपर्यंत तो किती हातांतून जातो आणि प्रत्येक हातात किती उरतं, हे वहीत उतरवा. बोगद्याचं भाडं कोण घेतो? तांदूळ, डिझेल, लाकूड उधारीवर कोण पुरवतो? ऊसतोड टोळीला मुकादम उचल देतो आणि टोळी हंगामभर त्याला बांधली जाते, तसाच व्यवहार इथे बहुतेक ठिकाणी सापडेल. पैसे लावणारा हिस्सा घेतो, सोनंही त्यालाच विकावं लागतं, आणि भाव तोच ठरवतो. पाराही बऱ्याचदा त्याच्याकडूनच येतो.

गिरणीवाल्याकडे विशेष लक्ष द्या. काही ठिकाणी दळणाचे पैसे तो घेतच नाही, धुऊन उरलेला गाळ मात्र स्वतःकडे ठेवतो. त्या गाळात बरंच सोनं शिल्लक असतं आणि पुढे तो सोनं विरघळवणाऱ्या सायनाइडनं ते काढतो. म्हणजे कामगाराच्या परातीतून जेवढं सोनं निसटेल तेवढा गिरणीवाल्याचा फायदा. तुमची सुधारणा यशस्वी झाली तर नुकसान कुणाचं होणार, हे सुरुवातीलाच माहीत असलेलं बरं. त्याला बाजूला ठेवून केलेलं काम फार दिवस टिकत नाही, त्यामुळे दळणाचा रोख दर ठरवण्याची बोलणी त्याच्याबरोबर बसूनच करा.

बायकांशी वेगळं बोला. दगड फोडणं, निवडणं, गाळ धुणं आणि पारा उडवून सोनं मिळवायला घरातल्या चुलीवर सोनं-पाऱ्याचा गोळा भाजणं ही कामं अनेक वस्त्यांत त्या करतात, पण बैठकीत मागे बसतात.

दुसरं पाऊल : आज जीव कशानं जाईल?

बाहेरून आलेला माणूस पाऱ्यापासून सुरुवात करतो, कारण प्रकल्पाच्या कागदावर तेच लिहिलेलं असतं. पारा वर्षानुवर्षांत माणूस पोखरतो. दरड मात्र आज संध्याकाळीच कोसळू शकते. वस्तीतल्या लोकांना हा क्रम नीट ठाऊक असतो. तुम्हाला तो ठाऊक नाही हे दिसलं की तुमचं बाकीचं बोलणंही ते मनावर घेत नाहीत.

उघड्या खड्ड्यात सरळ उभी भिंत ठेवू नये, पायऱ्या पाडत उतरावं. प्रत्येक पायरीची रुंदी निदान तिच्या उंचीएवढी असावी, माती भुसभुशीत असेल तर जास्त. खोदलेली माती काठावर रचू नये, काही मीटर मागे टाकावी, कारण तिचं वजनच काठ ढासळवतं. भिंतीच्या पायथ्याशी सोन्याची शीर सापडली म्हणून आत पोखरत जाणं हा मरणाचा सगळ्यात नेहमीचा रस्ता आहे. पाऊस पडून गेल्यावर उतरण्याआधी काठावर नव्या भेगा पडल्यात का ते बघावं. बोगद्यात लाकडी टेकू कुजलेत का हे ठोकून पाहण्याचं काम एकाच माणसाकडे द्यावं आणि 'आज उतरायचं नाही' म्हणण्याचा अधिकारही त्यालाच द्यावा. राहायच्या झोपड्यांकडेही लक्ष हवं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये मांगखुट चक्रीवादळात बेंगेटमधल्या इतोगोन इथे दरड कोसळली, तेव्हा गाडले गेलेले बरेच जण खाणीत नव्हते. ते वादळापासून वाचायला खाणकामगारांच्या निवाऱ्यात थांबले होते.

नंतर हवा. पेट्रोल-डिझेलचं इंजिन बोगद्यात कधीही उतरवू नये. पाणी उपसायचा पंप आत लागत असेल तर तो विजेचा असावा. इंजिन बाहेर ठेवलं तरी त्याचा धूर आत जाणाऱ्या हवेच्या वाटेवर सोडू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. मेणबत्ती विझली तर प्राणवायू कमी आहे एवढं कळतं, पण ती जळते आहे म्हणून हवा चांगली आहे असं समजू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड मेणबत्तीला कळत नाही. हातात धरायचा साधा गॅस-मापक मिळतो. प्रकल्पाच्या पैशातून पहिली खरेदी मी त्याची करेन. आत कुणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे धावत उतरणारा भाऊ किंवा मित्रही तिथेच पडतो, म्हणून कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर माणूस उभा असल्याशिवाय कुणी उतरू नये.

पाण्याखालच्या खाणकामाचा एक प्रकार फिलिपिन्समध्ये कामारिनेस नॉर्ते प्रांतात पाहायला मिळे. पाण्यानं भरलेल्या अरुंद विहिरीत माणूस तोंडात प्लॅस्टिकची नळी धरून उतरतो आणि वरचा कॉम्प्रेसर त्याला हवा पुरवतो. कॉम्प्रेसर बंद पडला की संपलं. २०१५ मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. ही पद्धत 'थोडी सुरक्षित' करून देण्याच्या फंदात पडू नका.

तिसरं पाऊल : धूळ, आणि घराच्या उंबऱ्यावर थांबणारं काम

सोनं बहुधा गारेच्या (क्वार्ट्झच्या) दगडात असतं. गारेची कोरडी धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही आणि क्षयरोगाला वाट करून देतो. उपाय साधा आहे : पाणी. छिद्र पाडताना पाणी, दगड फोडताना फवारा, दळताना ओलं दळण. नाकातोंडावर बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. चांगला मास्क अडवतो, पण उकाड्यात तो तासाभरात गळ्यात लोंबायला लागतो. म्हणून भरवसा मास्कपेक्षा पाण्यावर ठेवा.

दगडात आणखी काय आहे हे तपासून घ्या. नायजेरियाच्या झमफारा राज्यात २०१० साली जे उघडकीला आलं ते प्रत्येक नवख्यानं वाचायला हवं. तिथल्या सोन्याच्या दगडात शिशाचं प्रमाण फार मोठं होतं. बायका तो दगड घराच्या अंगणात, धान्याच्या गिरण्यांत कोरडाच दळत होत्या. धूळ अंगणात, भांड्यांत, रांगत्या मुलांच्या हातांवर बसली. चारशेहून अधिक मुलं दगावली. उपचारांच्या आधी घरांच्या आवारातली वरची माती खरवडून काढावी लागली, कारण औषध देऊन मूल त्याच अंगणात परत पाठवण्यात काही अर्थ नव्हता.

यातून निघणारा नियम देश कोणताही असो, तोच राहतो : दगड घरात येणार नाही. फोडणं, दळणं, धुणं, भाजणं वस्तीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. धान्याची गिरणी आणि दगडाची गिरणी वेगळी. कामाचे कपडे कामाच्या जागीच बदलून धुवायचे. अठरा वर्षांखालचं कुणीही खाणीत किंवा पाऱ्याजवळ नको. हे शेवटचं सांगताना शाळेची वेळ, वाट आणि खर्च यांचं काय, हेही बोलावं लागतं.

चौथं पाऊल : पारा, उलट्या क्रमानं

पारा सोन्याला धरतो, मग गोळा भाजला की पारा उडून जातो आणि सोनं उरतं. स्वस्त, झटपट, एकट्याला जमणारं काम. म्हणूनच तो हटत नाही. फिलिपिन्सनं लहान खाणींत पारा वापरायला २०१२ मध्ये बंदी केली, तरी तो चोरून मिळत राहिला.

पारा साध्या तापमानालाही हळूहळू उडतो आणि ३५७ अंश सेल्सियसला उकळतो. ती वाफ हुंगल्यानं हात कापणं, विसराळूपणा, चिडचिड, हिरड्यांचे विकार सुरू होतात. नदीत गेलेल्या पाऱ्याचं जिवाणू मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, तो माशांत साठतो आणि गर्भातल्या बाळापर्यंत पोचतो. जपानच्या ज्या मिनामाता शहरात कारखान्याच्या सांडपाण्यामुळे हे जगानं पाहिलं, त्याच नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये लागू झाला. भारतानंही २०१८ मध्ये त्याला मंजुरी दिली. सगळ्यात घातक म्हणून बंद करायच्या चार गोष्टी या करारानं नेमून दिल्या आहेत : सगळ्याच्या सगळ्या दगडात पारा मिसळणं, गोळा उघड्यावर भाजणं, राहत्या वस्तीत भाजणं, आणि पारा मिसळलेल्या गाळातून पारा आधी न काढता त्यावर सायनाइड वापरणं.

मी सुरुवात भाजण्यापासून करतो, कारण तिथे बदल सोपा असतो आणि लगेच दिसतो. रिटॉर्ट म्हणजे घट्ट झाकणाचं पोलादी भांडं आणि त्यातून निघणारी, पाण्यानं थंड ठेवलेली नळी. वाफ नळीत थिजते आणि बहुतेक पारा परत मिळतो, म्हणजे तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. वापरताना चार गोष्टी पाळाव्या लागतात. भाजणं बाहेर, मोकळ्या हवेत. झाकणाच्या फटी ओल्या मातीनं लिंपलेल्या. नळीचं टोक पाण्यात बुडवायचं नाही, पृष्ठभागाच्या किंचित वर ठेवायचं. बुडालं असेल तर भांडं निवताना पाणी उलटं आत ओढलं जातं आणि तापल्या भांड्यात स्फोट होऊ शकतो. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. गरम असताना उघडलं तर वाचवलेली वाफ थेट तोंडावर येते. लोखंडी भांड्यात सोनं काळपट दिसतं, म्हणून खरेदीदार भाव पाडतो, अशी तक्रार हमखास येते. तक्रार खरी असते. टाकणखार घालून पुन्हा वितळवलं की रंग येतो, हे खरेदीदारासमोर करून दाखवावं.

खरेदीदाराच्या दुकानालाही विसरू नका. भाजलेल्या सोन्यातही थोडा पारा राहिलेला असतो आणि तो दुकानात, भर बाजारात उडतो. विटा, खानापूर, आटपाडीकडच्या सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांना भट्टीवर धूर ओढणारी चिमणी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण इथे नुसती चिमणी पुरत नाही, कारण ती पारा शेजारच्या छपरावर नेऊन टाकते. वाफ थंड करून धरणारी पेटी मध्ये लागते.

उरलेला पारा जाड, घट्ट झाकणाच्या बाटलीत, वर पाण्याचा थर ठेवून, घराबाहेर कुलपात. सांडला तर झाडूनं झाडू नये, थेंब फुटून पसरतात.

भाजणं मार्गी लागलं की मग दुसरी गोष्ट : दगड दळतानाच गिरणीत पारा ओतणं थांबवणं. असा ओतल्यानं पाऱ्याचं पीठ होतं, त्यातला बराचसा गाळाबरोबर वाहून जातो आणि जाताना सोनंही घेऊन जातो. आधी पाण्यानं धुऊन जड गाळ वेगळा करावा आणि पारा वापरायचाच तर फक्त त्या मूठभर गाळात. मात्र इथवर आलेला माणूस पुढच्या पावलापासून लांब नसतो.

पाचवं पाऊल : पाऱ्याशिवाय सोनं

सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, गार अडीचपटीहून थोडी जास्त. सगळी युक्ती या फरकात आहे. सराफकट्ट्यातली केरमाती परातीत धुऊन सोन्याचे कण काढणारे आपले झारेकरी हेच करत आले.

पहिलं काम दळण. कमी दळलं तर सोनं दगडातच अडकून राहतं, फार दळलं तर कण चपटे होऊन पाण्यावर तरंगत निघून जातात. थोडं दळा, चाळा, जाड उरेल तेच पुन्हा दळा. मग उतरती लाकडी पन्हळ, तळाला खरखरीत गालिचा. पाण्याची धार एकसारखी हवी आणि पन्हळीचा उतार दगडाप्रमाणे बदलून पाहावा. गालिचा दिवसाच्या शेवटी धुणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. तो भरला की नवं सोनं वरून घसरत जातं. दर थोड्या वेळानं बादलीत झटकावा. बादलीतला गाळ परातीत धुऊन आणखी कमी करायचा. काळी लोहरेती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या चुंबकानं ओढून काढायची.

इथून पुढची रीत बेंगेटची. या जड गाळात टाकणखार मिसळायचा, गाळाइतका ते त्याच्या तिप्पट. आपल्याकडे प्रत्येक सोनार झाळताना वापरतो तोच हा टाकणखार. चार थेंब पाण्यानं मिश्रण भिजवून पातळ प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत बांधायचं, नाहीतर भात्याची हवा बारीक कण उडवून लावते. पिशवी तापलेल्या मातीच्या मुशीत ठेवून लोणारी कोळशावर किंवा गॅसच्या ज्योतीवर तापवायचं. टाकणखार गाळातल्या इतर खनिजांना लवकर वितळवून पातळ काचेसारखं करतो आणि सोनं त्यातून खाली उतरून एक मणी होऊन बसतं. निवल्यावर काच फोडायची, मणी उचलायचा. फुटलेली काच फेकू नये, साठवून पुन्हा दळावी. टाकणखार पाऱ्याच्या मानानं फारच निरुपद्रवी, तरी तो खाण्याच्या डब्यांजवळ ठेवू नये, आणि जळत्या प्लॅस्टिकचा धूर टाळायला हेही काम मोकळ्यावरच करावं. पेटर आपेल या डॅनिश भूशास्त्रज्ञानं आणि त्याच्या फिलिपिनो सहकाऱ्यांनी ही रीत इतर देशांतल्या खाणवस्त्यांत नेऊन दाखवली.

ही रीत सगळीकडे चालत नाही, आणि हे तुम्हीच आधी सांगितलेलं बरं. सोनं गंधकी खनिजांत बंदिस्त असेल किंवा फार सूक्ष्म असेल तर परातीत चांगला गाळ जमतच नाही. मग टाकणखार तरी काय करणार?

म्हणून चाचणी. वस्तीतल्या एका जुन्या, मान असलेल्या खाणकामगाराकडून त्याच्याच दगडाचं पोतं घ्या. दळलेला माल नीट कालवून ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन-दोन भाग एकत्र करून दोन सारखे वाटे करा. एक वाटा तो पाऱ्यानं काढेल, दुसरा टाकणखारानं. एकाच काट्यावर, सगळ्यांसमोर वजन. एक चाचणी पुरेशी नाही, दोनतीन वेगवेगळ्या बोगद्यांतला दगड घ्या. टाकणखाराचं सोनं कमी भरलं तर तसं मोठ्यानं सांगा आणि दळण-पन्हळीत काय चुकलं ते शोधा. जास्त भरलं तर तुम्हाला काहीच बोलावं लागत नाही.

सहावं पाऊल : सायनाइड असेल तर

वैयक्तिक पातळीवर सायनाइड वापरू देऊ नका. सहकारी संस्थेचा एकच प्रकल्प, प्रशिक्षित माणूस, अस्तर घातलेलं तळं, आणि चुना घालून सामू दहाच्या वर ठेवलेलं पाणी. सामू घसरला की विषारी वायू सुटतो. पारा मिसळलेला जुना गाळ त्यात टाकायचा नाही, कारण सायनाइड पारा विरघळवून नदीत पोचवतं. एवढी व्यवस्था नसेल तर या पावलावरून पुढे जा.

सातवं पाऊल : पाणी आणि मागे उरणारे खड्डे

धुण्याचं पाणी एकापुढे एक दोनतीन खड्ड्यांत निवळू द्यावं आणि तेच परत वापरावं. नदीपात्रात थेट पन्हळ लावू नये. वरची सुपीक माती पहिल्या दिवसापासून वेगळी रचून ठेवली तर खड्डा बुजवताना ती वर येते. नाहीतर मुरूम वर आणि माती खाली जाते आणि पुढची पिढी तिथे काही पिकवू शकत नाही. न बुजवलेल्या खड्ड्यांत डास होतात, मलेरिया येतो, मुलं आणि गुरं बुडतात. जुना खड्डा बुजल्याशिवाय नवा उघडायचा नाही, हा ठराव संस्थेच्या वहीत हवा.

आठवं पाऊल : कागद आणि विक्री

परवाना नसलेला माणूस टेकूंवर आणि पन्हळीवर पैसे घालत नाही, कारण उद्या हुसकावतील याची धास्ती असते. फिलिपिन्समध्ये १९९१ च्या लोकांच्या लघुखाण कायद्यानुसार ठरावीक क्षेत्र 'मिनाहांग बायान' म्हणून जाहीर होतं आणि तिथे सहकारी संस्थांना कंत्राट मिळतं. जमीन आदिवासी समाजाची असेल तर १९९७ च्या कायद्याप्रमाणे त्यांची संमतीही लागते. कागदांना वर्षं जातात. तुमच्या प्रकल्पात खेटे घालण्यासाठी एक माणूस वेगळा ठेवा, तज्ज्ञ सल्लागारापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

परवान्यानं सगळं सुटत नाही. त्या देशात लहान खाणींचं सोनं मध्यवर्ती बँक विकत घेते. २०११ मध्ये या विक्रीवर दोन टक्के अबकारी आणि पाच टक्के उगम कर लावायला सुरुवात झाली, तशी बँकेकडे येणारी आवक कोसळली आणि सोनं चोरवाटेनं बाहेर गेलं. २०१९ मध्ये कायदा करून नोंदणीकृत लहान खाणकामगारांना हा कर माफ करावा लागला. सरकारी अधिकाऱ्यांशी बोलताना हे उदाहरण हाताशी असू द्या.

फेअरमाइन्ड किंवा फेअरट्रेड यांसारखी, जबाबदारीनं काढलेल्या सोन्यासाठीची प्रमाणपत्रं मिळाली तर बाजारभावावर सामूहिक कामांसाठी जादा रक्कम मिळते. लॅटिन अमेरिकेतल्या काही सहकारी संस्थांनी ती मिळवली आहेत. पण तपासणीचा खर्च आणि हिशेबाची शिस्त पाहता पहिल्या वर्षी त्याचं आमिष दाखवू नका.

त्याऐवजी पहिल्या विक्रीला संस्थेचे दोन सभासद, त्यातली एक बाई, स्वतःचा काटा आणि कसोटीचा दगड घेऊन जातील असं बघा. त्या दिवसाचा आंतरराष्ट्रीय भाव फोनवर बघून निघायचं. वजन आणि कस दुकानात शिरण्याआधी वहीत लिहायचा, शिरल्यावर नाही. पावती दोन प्रतींत, एक विकणाऱ्याकडे, एक संस्थेच्या पेटीत. उचल दिलेल्या माणसाची रक्कम त्याच दिवशी त्यातून वळती करून त्याची सही घ्यायची.